पत्त्याची मालकी

इ. स. १८४४ सालची गोष्ट. जोसेफ मॅझिनी हा इटालियन देशभक्त त्या वेळीं लंडन शहरांत निर्वासिताचें जिणें कंठीत होता. आपलीं पत्रें वाटेंत कोणी तरी उघडून पाहतें, असा त्याला संशय आला. खात्री करून घेण्यासाठीं त्यानें स्वतःच्याच नांवें पत्रें टाकविलीं व त्यांत खसखशीचे दाणे, केस आणि वाळूचे कण घातले. पत्रें हातीं पडलीं तेव्हां आंतला ऐवज नाहींसा झाला होता. टॉमस डन्कंब या सभासदानें हें गाऱ्हाणें कॉमन्स सभेपुढें मांडलें, आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांना पत्रें फोडण्याचा हुकूम दिल्याचें कबूल करावें लागलें. मोठा गदारोळ उसळला व परदेशी पत्रें चोरून वाचणारी टपालखात्यांतील गुप्त कचेरी बंद झाली.

महाराष्ट्राला मॅझिनीचें चरित्र अपरिचित नाहीं. परंतु या प्रसंगांतील एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. आपलीं पत्रें फोडलीं जातात हें सिद्ध झाल्यावरही त्याला टपाल बदलतां येत नव्हतें, कारण पत्रें वाहण्याचा मक्ता सरकारचा होता. ज्याला दुसरीकडे जातां येत नाहीं, त्यानें तक्रार करावी. ती ऐकणें न ऐकणें समोरच्याच्या मर्जीवर. पत्राची गुप्तता आणि पत्राचा वाहक बदलण्याचें स्वातंत्र्य या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ई-मेलचा इतिहास पाहिला तर तेथेंही हाच गुंता आढळतो.

१९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास पत्र धाडण्याची युक्ति काढली. पत्त्यासाठीं त्यानें कळफलकावरील ‘ॲट’ हें चिन्ह निवडलें : डावीकडे माणसाचें नांव, उजवीकडे त्याच्या यंत्राचें. पुढें १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं एका यंत्रानें दुसऱ्याकडे पत्र सोंपविण्याचे नियम प्रसिद्ध केले. हे नियम कोणाही एकाच्या मालकीचे नव्हते. निरनिराळ्या कंपन्यांचे ग्राहक आज एकमेकांस विनासायास लिहूं शकतात, तें त्या मोकळेपणाचेंच फळ होय. वहन असें मोकळें राहिलें. परंतु पत्त्याच्या उजव्या अर्ध्या भागांत वाहकाचें नांव बसलें, आणि ग्राहकाच्या पायांतील बेडीची पहिली कडी तेथेंच घडली.

भारतांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. मुंबई-पुण्याच्या त्या पहिल्या ग्राहकांच्या पत्त्यांत निगमाचें नांव तर असेच, शिवाय त्या त्या शहरांतील यंत्राची खूणही असे. पत्ता असा जोडणीला बांधलेला होता. पुढच्याच वर्षीं, ४ जुलै १९९६ रोजीं, सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं अमेरिकेंत ‘हॉटमेल’ सुरू केलें. जगांतील कोणत्याही संगणकावरून आपली पेटी उघडावी, तीही फुकट, ही सोय लोकांस फार आवडली. जोडणी देणाऱ्याच्या हातून पत्ता सुटला खरा, पण तो हॉटमेलच्या हातीं गेला. आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली, तेव्हां लक्षावधि लोकांचे पत्ते त्यांना न विचारतां नव्या धन्याकडे गेले.

१ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें ‘जीमेल’ जाहीर केलें. इतरत्र दोन-चार मेगाबाइटांची फुकट पेटी मिळत असतां येथें एक गिगाबाइटची मिळूं लागली. तिचें मोल निराळ्या रीतीनें वसूल होई : पत्रांतील मजकूर यंत्र तपाशी आणि त्यास अनुरूप अशा जाहिराती शेजारीं लावी. खासगीपणाच्या कैवाऱ्यांनीं त्याच वर्षीं हरकत घेतली. परंतु जाहिरातींसाठीं हें तपासणें थांबविण्याची घोषणा व्हावयास २०१७ साल उजाडलें. मधल्या तेरा वर्षांत ज्यांना ही रीत रुचत नव्हती, त्यांना कायद्यानें कोणी अडविलें नव्हतें. अडविलें तें सवयीनें व पत्त्यानें. बँक, विमा, मुलांची शाळा, परदेशीं गेलेले आप्त, सर्वांजवळ तोच एक पत्ता. तो मोडावयाचा म्हणजे साऱ्या संसाराची फेरमांडणी.

चांगला वाहक निवडला म्हणजे काळजी मिटते असेंही नाहीं. एडवर्ड स्नोडेन ज्याचे ग्राहक होते तें ‘लावाबिट’ हें टपाल त्याच्या चालकानें, लाडार लेव्हिसन यांनीं, ऑगस्ट २०१३ मध्यें स्वतःच बंद केलें. कारण सर्वच ग्राहकांचीं कुलुपें उघडणारी किल्ली सरकार मागत होतें. चालकाचा बाणा थोर, परंतु निरपराध ग्राहकांचे पत्तेही त्याच दिवशीं निकामी झाले. त्याच वर्षीं ‘याहू’नें दीर्घकाळ न वापरलेले पत्ते नव्या मागणीदारांस देऊन टाकले, आणि त्यांतील कांहींना पूर्वीच्या धन्याचीं खासगी पत्रें मिळूं लागलीं. सोडलेलें घर रिकामें राहत नाहीं, ही गोष्ट तेव्हां कळून आली.

२०१४ सालीं जिनिव्हाजवळील ‘सर्न’ संशोधनसंस्थेंत भेटलेल्या शास्त्रज्ञांनीं ‘प्रोटॉनमेल’ सुरू केलें. तेथें पत्रें अशा सांकेतिक रूपांत ठेविलीं जातात कीं चालकालाही पेटींतील मजकूर वाचतां येऊं नये. मात्र नेहमीच्या सामान्य साधनांनीं ही पेटी थेट उघडत नाहीं. मध्यें एक खास दुवा बसवावा लागतो. जाड भिंतींच्या वाड्यांत शिरतांना मागचें दार कोठें आहे तें आधीं पाहून ठेवावें, हेंच बरें.

कायद्यानें थोडी वाट मोकळी केली आहे. भारतांत २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलतां येऊं लागली. युरोपीय संघाच्या कायद्यानें २५ मे २०१८ पासून आपली माहिती सोबत घेऊन जाण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या कायद्यांत तसा हक्क घातलेला नाहीं. परंतु युरोपांतही हक्क आहे तो माहितीचा. ई-मेलचा पत्ता जुन्या कंपनीचाच राहतो.

म्हणून खरा उपाय पत्त्याच्या उजव्या भागांत शोधला पाहिजे. स्वतःचें नांव, म्हणजे ‘डोमेन’, वार्षिक शुल्क भरून घेतां येतें. त्या नांवाचें टपाल कोणत्या कंपनीच्या यंत्राकडे जावें ही नोंद नांवाचा धारक केव्हांही बदलूं शकतो. कंपनी बदलते, पत्ता तोच राहतो. मात्र शुल्क चुकलें तर नांव दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें आणि बँकेचीं पत्रेंही त्याच्याकडे जाऊं लागतात, एवढी जबाबदारी पत्करावी लागते. ज्यांना हें शक्य नाहीं त्यांनीं जुन्या पत्रांची प्रत आपल्या संगणकावर उतरून घ्यावी, नवा पत्ता प्रथम बँकेस व करखात्यास कळवावा, आणि जुनी पेटी निदान वर्षभर उघडी ठेवून तिच्यांत येणारें टपाल नव्या पेटीकडे वळवावें.

मॅझिनीच्या पत्रांतील खसखस हरवली तेव्हां त्याच्या बाजूनें संसद उभी राहिली. प्रत्येक कुटुंबासाठीं संसद धांवून येईल असें नाहीं. बिऱ्हाड हलविण्याची ज्याची तयारी असते त्याच्याच शब्दाला घरमालक किंमत देतो. पत्रांच्या बाबतींत ती तयारी आज सामान्य गृहस्थाच्या आंवाक्यांत आहे. ती निकड येण्यापूर्वीं करून ठेवावी, एवढाच या पावणेदोनशेंहून अधिक वर्षांच्या हकीकतीचा बोध होय.