सहा महिने थांबायचा नियम आला कुठून?

पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असताना चेहऱ्यावरच्या खड्ड्यांचा उपचार विचारलात, तर एक उत्तर हमखास मिळतं. आधी गोळीचा कोर्स संपवा, मग सहा महिने ते वर्षभर थांबा.

ही गोळी अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाली. तेव्हा खड्ड्यांवर डर्माब्रेजन करायचे, म्हणजे फिरत्या मशीनने त्वचा चक्क खरवडायची. १९८६ साली एक नोंद छापून आली: ही गोळी घेतलेल्या ६ पेशंटना डर्माब्रेजननंतर जाड, उठावदार व्रण आले. १९८८ मध्ये आणखी ३ पेशंट. एवढ्यावरून नियम बनला आणि नंतर आलेल्या लेझरला, पीललाही तोच चिकटला. (आमच्याकडे जुना कोड असाच राहतो. हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.)

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्या भारतातल्याही त्वचारोगतज्ज्ञांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. वरवरचे पील, फ्रॅक्शनल लेझर यांच्यासाठी थांबायला पुरेसा आधारच सापडला नाही. मशीनचं डर्माब्रेजन आणि त्वचेचा अख्खा थर काढणारा लेझर मात्र अजूनही नकोच म्हणतात.

म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘किती थांबू?’ नका विचारू. ‘कुठल्या उपचारासाठी?’ हेही विचारा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.