गर्द सुटल्यानंतरची लढाई

१/ १९८०च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत ‘गर्द’चे, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचे व्यसन फैलावले. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा कठोर केल्या. तरी कलम ३९ने दोषी व्यसनी व्यक्तीस, तिच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांस पाठवण्याची मुभा न्यायालयास दिली.

२/ मात्र शरीराच्या यातना काही दिवसांत ओसरतात, ओढ वर्षानुवर्षे टिकते. घरी परतणाऱ्यासमोर तोच नाका, तेच मित्र आणि आप्तांचा अविश्वास उभा असतो.

३/ डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने हे ओळखले. बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आणि समुपदेशक म्हणून व्यसनमुक्तही! धाक दारापर्यंत आणतो. पुढे टिकवते ती सोबत.