भाग ९ : नागिओस, झॅबिक्स आणि कुंभकोणमचा स्विच

मागच्या वेळी राउटरबद्दल बोललो. आज नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगतो, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी नागिओस बसवला होता. ऐप्पसी महिन्यातल्या पावसात वीज कडाडली आणि एक स्विच जळाला. रात्री नवा जोडला, फाइलीत त्याची नोंद केली आणि एक महिरपी कंस बंद करायचा विसरलो. फाइल तपासणारी आज्ञा असते. ती न चालवताच रीस्टार्ट दिला. नागिओस परत उठलाच नाही. सकाळी ऑनलाइन परीक्षेत अख्खा मजला बंद, आणि माझ्या फोनवर एकही इशारा नाही. पहारेकरीच गैरहजर!

तर, उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची एसएनएमपी ही पद्धत १९८८ची. १९९५मध्ये टोबियास ओटिकरचे एमआरटीजी आले. त्यांच्याकडे बाहेर जाणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती. ती किती भरते हे आलेखात दिसावे, एवढीच गरज. १९९९मध्ये इथन गॅलस्टाडने नेटसेंट काढले. नावाच्या हक्काचा प्रश्न आला, म्हणून २००२मध्ये ते नागिओस झाले. त्याच्या वेबपानावर स्थिती दिसते, पण नवे यंत्र जोडायचे तर फाइलच उघडायची. ही उणीव भरायला इतरांनी वरून वेगळे इंटरफेस बनवले.

लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव्हने २००१मध्ये खुल्या केलेल्या झॅबिक्सची वाट निराळी : रचना डेटाबेसमध्ये आणि बदल ब्राउझरमधून.

मला अजूनही फाइलच आवडते. बदल का केला, हे तिथेच एका ओळीत लिहिता येते. झॅबिक्स कोणी आणि कधी बदलले ते सांगतो. कारण मात्र माणसालाच विचारावे लागते. पण मी पुण्याला परतणार होतो. मागे राहणार होता तो लॅबमधला सहायक, घरी तंजावरी मराठी बोलणारा, हुशार. मात्र टर्मिनलला बिचकणारा. साधन त्याच्यासाठी निवडायचे होते. म्हणून झॅबिक्स घेतला, आणि दर महिन्याला रचना एक्सपोर्ट करून ठेवायचे ठरवले.

पुढच्या पावसात पुन्हा स्विच गेला. त्याचा फोन आला तो नवा जोडून, तपासून, डिग्री कॉफी पिऊन झाल्यावर.