तरंगमबाडी : किल्ला, छापखाना आणि कोळीवाडा

कावेरीच्या मुखाजवळ, कारैकालच्या थोडेसे उत्तरेस, तरंगमबाडी नावाचे कोळ्यांचे एक गाव आहे. 'गाणाऱ्या लाटांची वाडी' असा त्या नावाचा अर्थ सांगतात. युरोपीयांनी त्याचे ट्रांकेबार केले. गाव लहान, परंतु तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासाशी आणि मराठी मुद्रणाच्या प्रारंभाशी त्याचा जो संबंध आहे, तो मराठी माणसाने जाणून घ्यावा असाच आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात येथे मासिलामणिनाथाचे शिवमंदिर उभे राहिले. म्हणजे परकी व्यापारी येण्यापूर्वी तीनशे वर्षे ही वस्ती नांदती होती. 1618 साली डेन्मार्कहून काही जहाजे पूर्वेकडे निघाली. पुढे धाडलेले एक जहाज पोर्तुगीजांनी कारैकालनजीक बुडविले आणि त्यावरील रोलंड क्रापे नावाचा अधिकारी जीव वाचवून तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारी पोहोचला. या आपत्तीतूनच करार जन्माला आला. 1620 साली नायकाने हे गाव डेन लोकांना खंडाने दिले. सुवर्णपत्रावर तमिळमध्ये लिहिलेले त्याचे पत्र आजही कोपनहेगनला जतन केलेले आहे. लवकरच समुद्रासमोर डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरचे अधिपती झाले. तेव्हापासून डेन लोकांचा वार्षिक खंड मराठ्यांच्या खजिन्यात पडू लागला. किल्ल्यावर निशाण डेन्मार्कचे, परंतु भूमीचे स्वामित्व भोसल्यांचे, अशी ती व्यवस्था होती.

या गावाची खरी कीर्ती मात्र व्यापारामुळे नव्हे, छापखान्यामुळे झाली. 1706 साली त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला. त्याने तमिळ भाषा आत्मसात केली. 1712 साली लंडनहून मुद्रणयंत्र आले. पाठोपाठ जर्मनीतील हाले येथून तमिळ खिळे आले. खिळे फार मोठे आणि कागद तुटपुंजा, अशी अडचण पडली. तेव्हा चीजच्या डब्यांची शिशाची झाकणे वितळवून गावातच लहान खिळे ओतण्यात आले आणि शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखानाही काढण्यात आला. 1715 पर्यंत तमिळ 'नवा करार' छापून पुरा झाला. भारतात पहिले मुद्रणयंत्र 1556 साली गोव्यात आले, हे आपण जाणतोच. त्या इतिहासाचा शोध घेताना गोमंतकाचेच सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी ट्रांकेबारच्या या उद्योगाचीही साक्षेपाने नोंद घेतली आहे.

याच मिशनातील श्वार्ट्झ 1750 साली येथे आला. तो पुढे तंजावरला राहिला, मराठीही शिकला आणि बाल सरफोजीराजांचा पालनकर्ता झाला. सरफोजींनी विद्येचा जो ध्यास घेतला, त्याची बीजे या सहवासात होती. त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला आणि 1806 साली इसापनीतीचे मराठी रूप, 'बालबोधमुक्तावली', तेथे छापले गेले. आणखी एक योगायोग असा की, कॅरीचे मराठी व्याकरण 1805 साली ज्या श्रीरामपुरात छापले, तेही बंगालमधील डेन लोकांचेच ठाणे होते. 1845 साली ट्रांकेबार आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लक्ष रुपयांस इंग्रजांना विकली गेली. पुढे लोहमार्ग नागपट्टणला गेला, व्यापारही तिकडे गेला आणि तरंगमबाडी पुन्हा केवळ मासेमारीचे गाव झाले.

राज्ये आली आणि गेली. कोळी मात्र राहिले. लाकडाचे ओंडके दोरांनी बांधून केलेला त्यांचा तराफा, कट्टुमरम, म्हणजे अक्षरशः 'बांधलेले लाकूड'. याच शब्दावरून इंग्रजांनी कॅटमरान हा शब्द घेतला. आता त्याची जागा यंत्र लावलेल्या फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. 15 एप्रिलपासून 61 दिवस, माशांच्या विणीच्या काळात, मोठ्या यांत्रिक नौकांना बंदी असते. तेव्हा अशा नौकांवर राबणाऱ्यांची चूल बेताने पेटते.

समुद्र येथे अन्नदाता आहे, तसाच संहारकही. मासिलामणिनाथाच्या मंदिराचा पुढील भाग त्याने गिळला. उरलेले वाचविण्यासाठी दगडांचा बांध घालावा लागला. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने तेव्हाच्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक बळी घेतले आणि या गावाचा कोळीवाडा उद्ध्वस्त केला. त्यानंतर किनाऱ्यापासून आत पक्की घरे बांधली गेली. घरे सुरक्षित खरी. परंतु ज्याला पहाटे वाऱ्याची दिशा पाहून होडी लोटावयाची आणि रात्री जाळ्यांवर नजर ठेवावयाची, त्याला समुद्रापासूनचे प्रत्येक पाऊल दूरचे वाटते. किल्ला, जुने नगरद्वार आणि वाडे यांची डागडुजी डेन्मार्कच्या साह्याने झाली, हे स्तुत्यच. तथापि ज्यांच्यामुळे हे स्थळ गाव म्हणून जिवंत आहे, त्यांचा किनाऱ्यावरील हक्कही त्या तटबंदीइतकाच जपण्याजोगा वारसा आहे, हे विसरता कामा नये.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहावयास आपल्यापैकी पुष्कळजण जातात. तेथून हे गाव सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. एक दिवस अधिक काढावा, पहाटेच किनाऱ्यावर पोहोचावे आणि होड्या परत येण्याची वेळ साधावी. किल्ला काय, दुपारीही पाहता येतो.