डीबी-वन, डीबी-टू : गिटलॅबची ती रात्र

गेमचा मॉड असो, रास्पबेरी पायवर चालणारी छोटी स्क्रिप्ट असो की मित्रांसोबत हौसेने लिहिलेलं सॉफ्टवेअर, आपला कोड कुठेतरी सुरक्षित ठेवायचा असतो. गिटलॅब ही अशीच एक जागा. युक्रेनमधल्या दिमित्री झापोरोझेत्स याने 2011 मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे त्याची कंपनी झाली. तिची माणसं देशोदेशी आपापल्या घरून काम करतात. 31 जानेवारी 2017 ला तिथे जे घडलं ते कंपनीने मिनिटामिनिटाच्या तपशिलासह जगापुढे ठेवलं, म्हणूनच हा घटनाक्रम लिहिता येतो. घरी सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. भारतातलं घड्याळ त्यापुढे साडेपाच तास.

17:20

डेटाबेसवरचा भार एकाहून अधिक सर्व्हरवर वाटता येईल का, याची चाचणी एका अभियंत्याला घ्यायची आहे. चाचणीच्या सर्व्हरवर ताजी माहिती हवी, म्हणून तो मूळ डेटाबेसची प्रत स्वतःच्या हाताने काढतो आणि तिथे चढवतो. अशी प्रत रोज एकदा आपोआप निघतेच. आज ती जास्तीची निघाली, इतकंच. या क्षणाला कुणाच्याही लेखी तिला महत्त्व नाही.

18:00 ते 21:00

स्पॅम करणारे गिटलॅबवर तुटून पडतात. कोडचे छोटे तुकडे धडाधड तयार होऊ लागतात आणि डेटाबेस हेलकावे खाऊ लागतो. एकाच खात्यावरून 47,000 आयपी पत्ते लॉगइन करताहेत, असंही दिसतं. कुणीतरी आपली रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची जागा, फुकटचं फाइल-वाटप केंद्र म्हणून वापरत होतं. भार वाढण्याचं आणखी एक कारण नंतर सापडलं. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी खोडसाळ तक्रार केली होती, ते खातं पुसायच्या यादीत गेलं होतं आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम पडद्याआड सुरू होतं.

नऊच्या सुमारास डेटाबेसवर काही लिहिलंच जाईना. साइट काही काळ बंद पडते. संबंधित खाती आणि पत्ते अडवले जातात.

22:00

इथे दोन नावं लक्षात ठेवायला हवीत. डीबी-वन हा मुख्य सर्व्हर, सगळं काम त्याच्यावर. डीबी-टू हा राखीव. मुख्य कोसळला तर त्याने जागा घ्यायची. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो, दुकानात रोजकीर्द लिहितात तसा. राखीव सर्व्हर त्या नोंदी वाचत वाचत मुख्याच्या मागोमाग चालतो. त्या संध्याकाळच्या गर्दीत डीबी-टू सुमारे 4 जीबी मागे पडला. त्याला हव्या होत्या त्या नोंदी डीबी-वनने तोवर पुसूनही टाकल्या होत्या. माग तुटला.

चाचणी घेणारा तो अभियंता नेदरलँड्समध्ये आहे, तिथे आता रात्रीचे अकरा. उशीर झाला, आता काम आवरतो, असं त्याने सहकाऱ्यांना सांगितलेलं. तेवढ्यात माग तुटल्याचा इशारा वाजतो आणि तो कामावरच राहतो.

23:00 च्या आसपास

उपाय सरळ आहे. डीबी-टूवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं आणि पीजी-बेसबॅकअप नावाची कमांड चालवून मुख्य सर्व्हरवरून सगळं नव्याने आणायचं. तो फोल्डर रिकामं करतो, कमांड चालवतो. ती अडते: डीबी-वन एका वेळी जितक्यांना नोंदी पाठवू शकतो ती मर्यादा अपुरी आहे. तो ती मर्यादा 3 वरून 32 वर नेतो आणि डीबी-वनवरचा पोस्टग्रेस पुन्हा सुरू करायला जातो. आता पोस्टग्रेसच सुरू होत नाही. एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा 8000 ठेवलेली, ती फार आहे अशी त्याची तक्रार. जवळपास वर्षभर हाच आकडा बिनतक्रार चालला होता! तो आकडा 2000 करतो. पोस्टग्रेस उठतो.

पुन्हा पीजी-बेसबॅकअप. आता चूक दाखवली जात नाही. काहीच दाखवलं जात नाही. कर्सर लुकलुकतोय, आकडा नाही, टक्केवारी नाही, ओळ नाही.

ज्याने काळ्या पडद्यावर कमांड चालवल्या आहेत त्याला ही अवस्था ठाऊक आहे. प्रोग्राम काम करतोय की अडकलाय? थांबायचं की तोडायचं? खरं तर तो अडकलेला नव्हता. मुख्य सर्व्हरने डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत ही कमांड मुकाट वाट बघते. दुसऱ्या एका सहकाऱ्याला हे ठाऊक होतं. पण ते कुठे नीट लिहून ठेवलेलं नव्हतं. ‘वाट बघतोय’ इतकी एक ओळ पडद्यावर उमटली असती तर ती रात्र तिथेच संपली असती. आपण हौसेने लिहितो त्या चिमुकल्या स्क्रिप्टमध्येसुद्धा ही एक ओळ घालायचा कंटाळा करू नये, असं मी तेव्हापासून मानतो.

अभियंत्याला वाटतं, मघाच्या प्रयत्नांत फोल्डरमध्ये काही फाइली उरल्या असाव्यात आणि कमांडला पूर्ण रिकामं फोल्डर हवं असावं. ते फोल्डर मुळापासून पुसायची कमांड तो देतो.

एक-दोन सेकंद जातात. मग टर्मिनलवरचं सर्व्हरचं नाव त्याच्या लक्षात येतं. आकडा दोन नाही, एक आहे.

23:27

तो कमांड तोडतो. सुमारे 300 जीबी डेटापैकी 4.5 जीबी उरलेला आहे. राखीव सर्व्हर आधीच रिकामा केलेला. आता मुख्यही गेला. लोकांचा कोड वेगळ्या सर्व्हरवर असल्याने तो शाबूत आहे. पण खाती, चर्चा, नोंदवलेल्या चुका, प्रकल्पांची माहिती, सगळं डेटाबेसमध्ये होतं.

23:27 नंतर

बॅकअप शोधायला सुरुवात होते. माझ्या मते या रात्रीची खरी आपत्ती आता उघड होते, आणि ती घडून गेली होती आधीच.

डेटाबेसची रोजची प्रत अॅमेझॉनच्या साठवणीत जायला हवी होती. तिथे काहीच नाही. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता. बॅकअप घेणारं काम मात्र अशा सर्व्हरवर चालत होतं जिथे डेटाबेसचं फोल्डरच नव्हतं. त्यामुळे आवृत्ती ओळखता न येऊन जुनी 9.2 ची कमांड चालायची आणि आवृत्ती जुळत नाही म्हणून बंद पडायची. बंद पडल्याची ईमेल निघायची, पण ती पाठवणाऱ्याची सत्यता पटवणारी व्यवस्था त्या ईमेलला लावलेली नव्हती, म्हणून पलीकडचा मेल सर्व्हर ती परत लोटायचा. बॅकअप होत नव्हता, आणि होत नाही हे सांगणारा निरोपही पोचत नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युरवर डिस्कच्या प्रती घ्यायची सोय होती. ती फाइल सर्व्हरसाठी चालू होती, डेटाबेस सर्व्हरसाठी नाही.

बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची नव्हती, हे कंपनीनेच त्या रात्री सगळ्यांना खुल्या असलेल्या कागदावर लिहून टाकलं. मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो इथे. यूट्यूबवर दुरुस्तीचं काम थेट दाखवलं गेलं आणि एका वेळी सुमारे 5000 माणसं ते बघत होती.

मग आठवते 17:20 ची प्रत.

1 फेब्रुवारी, 00:36 ते 17:00

चाचणी सर्व्हरवरच्या डेटाची आधी आणखी एक प्रत काढली जाते. मग तो मुख्य सर्व्हरकडे निघतो. चाचणीसाठी घेतलेली स्वस्त, संथ डिस्क. सगळं हलायला कितीतरी तास लागतात. दुसरा मार्ग नाही. दरम्यान वेबहुक, म्हणजे बाहेरच्या सेवांना सूचना देणारे दुवे, त्या प्रतीत नाहीत हे दिसतं. चाचणी सर्व्हरने चुकून खऱ्या लोकांना सूचना धाडू नयेत म्हणून ते मुद्दाम काढले जात. ते वेगळे परत आणावे लागतात.

18:00

साइट सुरू होते. त्याआधी एक बारीक काम झालं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. डेटाबेसमधले सगळे अनुक्रमांक 1,00,000 ने पुढे ढकलले गेले. हरवलेल्या तासांत एखाद्या नोंदीला मिळालेला क्रमांक नव्या नोंदीला मिळून घोटाळा व्हायला नको.

17:20 ते मध्यरात्र या वेळात लिहिलेलं मात्र परत आलं नाही. सुमारे 5000 प्रकल्प, 5000 प्रतिक्रिया, 700 नवी खाती.

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तपशिलात त्या अभियंत्याचं नाव नाही, ‘पहिला सहकारी’ एवढाच उल्लेख आहे. पुढे कित्येक वर्षं तो तिथेच काम करत होता. या घटनेनंतर करायच्या कामांच्या यादीत मुख्य सर्व्हरच्या टर्मिनलला लाल आणि चाचणी सर्व्हरला पिवळा रंग देणं आलं, बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का याची आपोआप चाचणी आली, आणि डेटाच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे सोपवणंही आलं. त्या रात्रीपर्यंत ती कुणा एकाची नव्हतीच.