एकशे चौऱ्याण्णव ते दोनशे

आम्हा जैनांना लहानपणीच चार कषाय पाठ करवून घेतात: क्रोध, मान, माया, लोभ. खेळाडू भडकला की लोक म्हणतात, त्याला राग आवरत नाही. मला मात्र वाटतं, मैदानावर आधी दुखावतो तो मान. क्रोध त्याच्या मागून येतो.

बॉबी जोन्स हा अमेरिकन गोल्फर तरुणपणी महातापट. 1921मध्ये सेंट अँड्र्यूजला खेळ बिघडला, तशी यानं स्पर्धा अर्ध्यावर सोडली. तोच जोन्स 1925च्या यूएस ओपनमध्ये म्हणाला, माझा चेंडू किंचित हलला, एक फटका दंड लावा. दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं! त्या एका फटक्यापायी बरोबरी झाली आणि पुढच्या प्लेऑफमध्ये तो हरला.

आपल्याकडचं उदाहरण सचिनचं. 29 मार्च 2004, मुलतान. सचिन 194वर नाबाद आणि हंगामी कर्णधार द्रविडनं डाव घोषित केला, 5 बाद 675. सचिननं आदळआपट केली नाही, पण निराश झालो हे पत्रकारांपुढे स्पष्ट सांगितलं. काहींना ते खटकलं. मला नाही खटकलं. गोड बोलून आत धुमसत राहणं, ती तर माया झाली. कसोटी भारतानं डावानं जिंकली आणि दोघांची मैत्रीही शाबूत राहिली.

पुढे सहा वर्षांनी तो आमच्या ग्वाल्हेरात खेळला. थाटीपुराहून फार लांब नसलेलं हे मैदान मुळात हॉकीचं, कॅप्टन रूपसिंह यांच्या नावाचं. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ. 1932च्या ऑलिम्पिकमध्ये भारतानं अमेरिकेला 24-1 हरवलं, त्यातले दहा गोल यांचे. पण बाहेरगावचा पाहुणा ध्यानचंदांनाच ओळखतो, आम्हाला ते जरा लागतं.

24 फेब्रुवारी 2010, समोर दक्षिण आफ्रिका. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातला उच्चांक तेव्हा 194च होता, सईद अन्वर आणि चार्ल्स कॉव्हेंट्री यांचा. मुलतानचाच आकडा! सचिन तो ओलांडून 199वर पोचला. शेवटचं षटक, पण समोर धोनी. दिवस मावळायला आलेला, ही आमची जेवणाची वेळ, आणि घरातलं कुणी टीव्हीपुढून हलेना. धोनीनं पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, तर लोक खूश होण्याऐवजी वैतागले. एकेरी धाव काढ ना बाबा! चिडलो होतो ते आम्ही. सचिन दुसऱ्या टोकाला बॅट धरून उभा. दुसऱ्या चेंडूवर एक धाव निघाली, तिसऱ्यावर सचिननं ऑफला हलकेच ढकलून दोनशे पूर्ण केले, 147 चेंडूंत. हेल्मेट काढलं, वर पाहिलं, बॅट उंचावली. बस्स.

षटकाचे तीन चेंडू उरले होते. हेल्मेट चढवून तो पुन्हा दुसऱ्या टोकाला उभा राहिला, धोनीच्या धावांसाठी पळायला.