किनाऱ्यावरून स्कूबा डायव्हिंग

बोटीचा आधार न घेता किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचे, प्रवाळभित्तीपर्यंत पोहत जायचे आणि पुन्हा किनाऱ्यालाच लागायचे, अशी ही डायव्हिंगची पद्धत. बालीतील तुलांबेन, इजिप्तमधील दाहाब आणि कॅरिबियन समुद्रातील बोनेर ही तिची नावाजलेली ठिकाणे. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेल्या बोनेरवर व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला असतो, तर आडोशाचा पश्चिम किनारा बहुतेक काळ शांत. तिथे प्रवाळभित्ती किनाऱ्यालगतच सुरू होते आणि साधारण दहा मीटर खोलीवरून उताराला लागते. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर डायव्हिंगच्या जागांची नावे रंगवलेली आहेत. गाडीत सिलिंडर टाकून हवे तेव्हा, हव्या त्या जागी उतरता येते.

या मोकळिकीमुळे ही पद्धत सोपी मानली जाते. ते अर्धेच खरे आहे. खोलवरचा पोहण्याचा भाग बोटीवरून आणि किनाऱ्यावरून, दोन्ही पद्धतींत सारखाच. खरी परीक्षा उथळ पट्ट्यात होते. पाठीवर सिलिंडर, पायाखाली तुटक्या प्रवाळाचे निसटते तुकडे आणि गुडघ्याशी लाट, अशा स्थितीत तोल जातो. परतीसाठी हवा राखून ठेवावी लागते, कारण वर उचलून घेणारी बोट नसते. बोनेरच्या ‘थाउजंड स्टेप्स’ या जागी पायऱ्या जेमतेम सत्तर आहेत (नाव ठेवणारा बहुधा सिलिंडर घेऊन वर चढला असावा), पण डाइव्हनंतर लगेचच्या जड श्रमांनी डीकम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढतो. शांत किनाऱ्याचा भरवसाही कायमचा नाही: १९९९ मध्ये ‘लेनी’ हे चक्रीवादळ पश्चिमेकडून पूर्वेला सरकले आणि त्याच्या लाटांनी याच आडोशाच्या बाजूचे उथळ प्रवाळ मोडले.

बोटीच्या नांगराने प्रवाळ चिरडते, त्यापेक्षा चालत जाणे बरे, असा आक्षेप येईल. जिथे नांगर टाकतात तिथे तो योग्यच आहे. परंतु १९७९ मध्ये स्थापन झालेल्या बोनेरच्या सागरी उद्यानात नांगर टाकायला बंदी आहे आणि बोटी कायमच्या बोयांना बांधतात. तिथे तुलना उलटते: बोटीतला डायव्हर थेट खोल पाण्यात उतरतो, किनाऱ्यावरचा मात्र उथळ पट्टा तुडवत जातो. म्हणूनच उद्यानात हातमोजे घालायला मनाई आहे, कारण उघडा हात प्रवाळाला धरायला कचरतो. आणि नवागताला आधी ओळख-सत्र व चाचणी डाइव्ह करावी लागते. नियमांनी मोकळीक संपते, ही तक्रार टिकत नाही. नियमांविना इतक्या माणसांना बिनदेखरेखीचे पाण्यात सोडणे कोणत्याही उद्यानाला परवडले नसते. २०२३ मध्ये बोनेरला दगडी प्रवाळांची ऊतके नष्ट करणारा रोग आढळल्यावर डायव्हरांना साहित्य निर्जंतुक करायला सांगण्यात आले. एकाच दिवशी ओल्या साहित्यानिशी दोन-तीन जागी उतरणाऱ्याला ही सूचना सर्वाधिक लागू पडते.